हौस आणि हमाली: गाडीवेड्यांना बसच्या बाजूने कसे वळवावे

प्रश्न असा आहे: मालवणात काही मंडळी तीन गोष्टींसाठी खटपट करताहेत. कुडाळ स्टेशनवर उतरणाऱ्यांसाठी आगगाडीच्या वेळेला धरून एसटी, हंगामात संध्याकाळी चालणाऱ्यांना मोकळी बाजारपेठ, आणि गावाच्या तोंडाशी वाहनतळ करून तिथून बंदरापर्यंत विजेवरच्या रिक्षा. विरोध मात्र दुकानदारांपेक्षा गावातल्या गाडीवेड्यांचा जास्त आहे. "तुमका आमची गाडी नको झाली हा" इथून बोलणे सुरू होते आणि तिथेच संपते. नगरपरिषदेत या मंडळींचे वजन आहे. त्यांना कसे पटवायचे?

आधी गाडीवाला आणि गाडीवेडा यांत फरक करा. दुसरी सोय नाही म्हणून हप्त्यांवर गाडी घेतली तो गाडीवाला. पहाटे आंबोली घाट चढायला मिळावा म्हणून साडेचारला उठतो, टायरचा दाब स्वतः तपासतो, बंद पडलेली जुनी प्रीमियर पद्मिनी कार परसात ताडपत्रीखाली जपतो, तो गाडीवेडा. सगळे समजतात की वेड्याला पटवणे अवघड. प्रत्यक्षात तोच सोपा, कारण चांगले ड्रायव्हिंग कशाला म्हणतात ते त्याला माहीत असते आणि भरड नाक्यावर पहिल्या गिअरमध्ये चाळीस मिनिटे काढणे हे चांगले ड्रायव्हिंग नव्हे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

त्याच्यापुढे मांडायची गोष्ट एकच आहे. गाडी चालवण्याचे दोन प्रकार असतात, हौस आणि हमाली. घाट, सागरी महामार्ग, रात्रीचा मोकळा रस्ता ही हौस. पोराला शाळेत सोडणे, बाजारातून मासळी आणणे, पाहुण्यांना कुडाळहून घेऊन येणे, पार्किंग शोधत तीन फेऱ्या मारणे ही हमाली. बस, सायकल, रिक्षा, पायवाट या गोष्टी हमाली उचलण्यासाठी मागायच्या आहेत. त्याच्या हौशीला कुणी हात लावत नाही. हे पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छ झाले नाही तर पुढचे सगळे आकडे वाया जातात. म्हणून "गाडीमुक्त मालवण" असा फलक लावू नका, पर्यावरण दिनाला सायकल फेरी काढून सुरुवात करू नका, आणि कार्बनचे आकडे घेऊन तर मुळीच जाऊ नका. तो त्याच्या इंजिनावर प्रेम करतो. तुम्ही त्याला त्या इंजिनाची लाज वाटायला लावलीत की चर्चा आटोपली.

सुरुवात नोंदवहीपासून करा. पाच-सहा जणांना एक आठवडा साधा तक्ता भरायला सांगा: कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडीत किती माणसे, निघताना इंजिन थंड होते की गरम, जागा शोधण्यात किती मिनिटे गेली, आणि शेवटच्या रकान्यात "मजा किती आली" याला एक ते पाच गुण. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे इंजिनाची माहिती वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, वेग, उभ्या गाडीचा वेळ सगळे दिसते. अशी उपकरणे या मंडळींना आवडतातच, त्यामुळे तक्ता भरला जाण्याची शक्यता वाढते. एक काळजी घ्या: आठवड्यानंतर तक्ते गोळा करून सभेत वाचून दाखवू नका. बेरीज ज्याची त्याने करावी. दुसऱ्याने काढलेली बेरीज उपदेशासारखी वाटते, स्वतः काढलेली खटकत राहते.

त्या तक्त्यात बहुधा दिसेल ते असे: वायरी ते भरड, देऊळवाडा ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या थंड इंजिनाच्या फेऱ्या सर्वांत जास्त आणि मजेचे गुण सर्वांत कमी. इथे मेकॅनिकची भाषा सुरू करा, कारण तुमच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. छोट्या फेऱ्या गाडी मारतात.

पेट्रोल गाडीचे बघा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. सायलेन्सर गरम असेल तर ती वाफ बाहेर जाते. दोन किलोमीटरमध्ये सायलेन्सर तापतच नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून खारा वारा त्याचे काम करत असतोच. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झाले असे नव्हे. ऑइल त्याच्या बरेच मागे असते आणि पूर्ण तापायला दहा-पंधरा किलोमीटर लागतात. तोवर ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेले पेट्रोल मिसळत राहते. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ मलई दिसली तर ती याचीच खूण, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारे इंजिनातले पॅकिंग) गेले असेल तरीही तशी मलई दिसते, म्हणून कूलंटची पातळीही बघा. पातळी स्थिर असेल तर दोष बहुधा छोट्या फेऱ्यांचा. बॅटरीचेही तेच: स्टार्टर एका झटक्यात जेवढे घेतो तेवढे अल्टरनेटरने परत भरायला धावण्याचा वेळ लागतो, तो मिळत नाही, प्लेटांवर सल्फेट बसते आणि बॅटरी तिच्या आयुष्याआधी जाते.

डिझेलवाल्यांना याहून मोठा फटका आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स (धुराच्या नव्या, कडक मानकाच्या) डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतः जादा डिझेल सोडून जाळीचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटे, साधारण ६० च्या वेगाने, न थांबता गाडी पळावी लागते. बाजारपेठेत हे कधीच घडत नाही. प्रक्रिया सुरू होते, तुम्ही गाडी बंद करता, ती अर्धवट राहते, आणि त्यासाठी सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी खूण ओलांडून वर गेली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष झाले तर गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये सक्तीची सफाई किंवा जाळीच बदलणे. थार किंवा स्कॉर्पिओ घेऊन रोज दोन किलोमीटर जाणाऱ्याला हा मुद्दा लगेच कळतो.

मात्र अर्धी बाजू सांगून थांबू नका, नाहीतर पुढच्याच महिन्यात तुमच्यावर उलटेल. गाडी नुसती उभी ठेवली तरी खराब होते. कोकणच्या पावसाळ्यात तर नक्की: सीटवर बुरशी, ब्रेक डिस्कवर गंज, बॅटरी उतरलेली, आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग. म्हणून पर्याय असा मांडा की हमालीच्या फेऱ्या कमी करा आणि आठ-दहा दिवसांतून एकदा गाडीला तीस-चाळीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर न्या. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला ब्रेक शूज चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गाडीची काळजी तुम्हालाही कळते हे अशा बारक्या गोष्टींतून दिसते. त्याचा उपयोग दहा भाषणांपेक्षा जास्त.

आता रस्त्याचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची ६४ क्रमांकाची मार्गदर्शिका गावाबाहेरच्या रस्त्यांची क्षमता पीसीयूमध्ये मोजते, म्हणजे सगळी वाहने कारच्या हिशेबात आणून. कार एक, दुचाकी अर्धा, बस तीन. दुपदरी रस्त्याला सपाट मुलखात, वळणे कमी असतील तर, दिवसाला १५,००० पीसीयू झेपतात. डोंगराळ, वळणावळणाच्या रस्त्याला फक्त ५,०००. कोकणातला रस्ता पुण्याच्या रस्त्याएवढाच रुंद दिसतो, पण पेलतो तिसरा हिस्सा, आणि हे निसर्गाने ठरवलेले आहे. एका एसटीत चाळीस जण बसले तर तीन पीसीयू खर्ची पडले. तेच चाळीस जण कारमध्ये दोघे-दोघे आले तर वीस. फरक सतराचा. या सतरा गाड्या तुमच्या पुढे नसाव्यात असे वाटत असेल तर बस हवी, असे सरळ सांगा.

त्यावर गाडीवेडा म्हणेल, "सतरा गाड्यांनी काय होतंय?" इथे रांगेचे साधे गणित उपयोगी पडते. नाक्यावरून तासाला जितकी वाहने जाऊ शकतात त्याच्या ९५ टक्के येत असतील, तर सर्वांत साध्या रांगेच्या सूत्रात ०.९५ भागिले ०.०५, म्हणजे सरासरी १९ वाहने खोळंबलेली असतात. हेच प्रमाण ८५ टक्क्यांवर आले तर ०.८५ भागिले ०.१५, म्हणजे पाच-सहा. दहा टक्के गाड्या कमी झाल्या आणि रांग तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली आली. खरा नाका या सूत्राइतका शिस्तीत वागत नाही, टेम्पो उलटा वळतो, कुणी मध्येच थांबून शहाळे घेतो, पण दिशा हीच. म्हणजे सगळ्यांनी गाडी सोडायची गरज नाही. दहांतल्या एकाने सोडली तरी उरलेल्या नऊ जणांचे काम होते. गाडीवेड्याला त्या नऊंमध्ये राहायचे असेल तर दहाव्याला बस मिळवून देणे त्याच्याच फायद्याचे.

हा दहावा कोण, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ज्याला गाडी चालवायला आवडत नाही, जमत नाही, आता डोळे साथ देत नाहीत, जो फोनवर बोलत मधोमध चालवतो, जो दारू पिऊन घरी निघतो, अशांबद्दल गाडीवेड्यांइतके कडक बोलणारे दुसरे कुणी नसते. पण ही माणसे गाडी का चालवतात? दुसरे साधनच नाही म्हणून. ७५ वर्षांवरच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. सवलत आहे, पण वेळेला एसटीच नसेल तर सवलतीचे करायचे काय? "तुमच्या वडिलांच्या हातून स्टिअरिंग काढून घेताना त्यांच्या हातात काय देणार?" हा प्रश्न एकदा विचारा आणि गप्प बसा.

परदेशातली उदाहरणे जपून वापरा. युरोपच्या सायकलींची चित्रे दाखवली की "त्यांच्याकडे ऊन कुठे आहे" हे उत्तर तयार असते. दोन उदाहरणे मात्र या लोकांना पटतात. वेझ या दिशादर्शक ॲपने २०१६ मध्ये गाडी चालवणाऱ्यांच्या समाधानाची देशवार क्रमवारी काढली, तेव्हा पहिला आला सायकलींचा देश, नेदरलँड्स. ज्यांना गाडी नको ते सायकलवर गेले, म्हणून चालकाला रस्ता मोकळा मिळाला. दुसरे जपान. गाड्यांचा इतका शौकीन देश दुसरा नसेल, पण तिथे बहुतेक ठिकाणी गाडी नोंदवताना घराजवळ ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि रेल्वे तर आहेच.

कोकणातली उदाहरणे त्याहून चांगली, कारण ती अंगवळणी पडलेली आहेत. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून आहे. गाडी चढवायची, खाली उतरून वारा खायचा, पलीकडे उतरायचे. चिपळूणचा वळसा वाचला म्हणून कुठलाही गाडीवेडा नाराज नाही. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ हेही तसेच. भाऊचा धक्का ते मांडवा रोरो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि अलिबागचे शंभरहून जास्त किलोमीटर तासाभराच्या समुद्रावर आले. आंगणेवाडीच्या जत्रेला तर सगळेच गाडी लांब लावून चालतात किंवा जादा एसटी पकडतात, कुणी म्हणत नाही माझ्या गाडीचा अपमान झाला. सोय नीट असेल तर गाडी सोडायला कोकणी माणूस अडून बसत नाही, हे इथे सिद्धच आहे.

सोय नीट नसेल तर काय होते, तेही एक उदाहरण ठेवा. कोकण रेल्वे ट्रकांची रोरो, म्हणजे ट्रक चढवून नेणारी आगगाडी, १९९९ पासून चालवते. २०२५ च्या गणपतीत तिने कोलाड ते वेर्णा अशी कारसाठी रोरो जाहीर केली: एका खेपेला ४० गाड्या, भाडे ७,८७५ रुपये, किमान १६ गाड्या हव्यात. कल्पना उत्तम, पण प्रतिसाद थंड. कारण उघड आहे. मुंबईहून कोलाडपर्यंत गाडी चालवायचीच, सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचायचे, रात्रभर प्रवास करायचा, आणि सिंधुदुर्गातल्या माणसाने गोव्यात उतरून उलटे यायचे. नंतर नांदगावचा थांबा दिला गेला, पण तोवर लोकांनी बेत ठरवलेले होते. माणूस कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो ते न बघता आखलेली सोय फसते. ती फसली की विरोधकाला पुढची पाच वर्षे सांगायला गोष्ट मिळते.

म्हणून तुमच्या तीन मागण्या कागदावर पक्क्या करा.

कुडाळची बस. "प्रत्येक गाडीला बस" अशी मागणी डेपो मान्य करणार नाही आणि करूही नये, चालक-वाहकाची ड्युटी त्यात बसत नाही. तीन जोड्या मागा: रात्री मुंबईहून सुटून सकाळी येणाऱ्या कोकणकन्या किंवा तुतारीसाठी एक, दुपारच्या गाड्यांसाठी एक, आणि रात्री मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक. गाडी येण्याच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी बस सुटावी, उशीर असेल तर आणखी वीस मिनिटे थांबावी, त्याहून जास्त नाही. कारण पुढच्या गावचे लोकही तिची वाट बघत असतात. जाताना बस गाडीच्या पंचवीस मिनिटे आधी पोहोचावी. उभी राहावी स्टेशनच्या आवारात. चाकरमान्याकडे पोती, खोकी, म्हातारी माणसे असतात, ती महामार्गापर्यंत चालत जाणार नाहीत, रिक्षाच करतील आणि बस रिकामी धावेल. सर्वांत जास्त चुकते ते पुढचे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर. गाड्यांच्या वेळा त्यात बदलतात. बसच्या वेळा त्याच तारखेला बदलल्या नाहीत तर जोडणी तुटते, पंधरा दिवस बस रिकामी जाते आणि "प्रतिसाद नाही" म्हणून बंद होते. मागणीपत्रात दोन वेळापत्रके सुरुवातीलाच जोडा.

थांब्याचे छप्परही लिहून द्या. कोकणात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. फूटभर पुढे आलेल्या पत्र्याखाली उभा राहणारा माणूस कमरेपर्यंत भिजतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढतो. छप्पर दोन मीटर खोल हवे, नैर्ऋत्येकडे भिंत हवी. चिरा आणि मंगलोरी कौले टिकतात. चकचकीत लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांतच गंज धरतो.

वाहनतळ आणि रिक्षा. इथे बहुतेक योजना हिशेबात फसतात. समजा बंदरापर्यंत जाऊन-येऊन अडीच किलोमीटरची फेरी आहे, माणसे चढण्या-उतरण्याचा वेळ धरून वीस मिनिटे लागतात आणि दर पाच मिनिटांनी रिक्षा हवी. म्हणजे चार रिक्षा रस्त्यावर, एक चार्जिंगला. नियमानुसार ई-रिक्षात चार प्रवासी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. म्हणजे तासाला ४८ माणसे. डिसेंबरच्या रविवारी दोन तासांत शंभर गाड्या आल्या, गाडीत चौघे, तर तासाला २०० माणसे. पाहुणा अर्धा तास उन्हात उभा राहील, चिडेल, आणि पुढच्या वेळी गाडी थेट जेटीपर्यंत नेईल. उपाय दोन: वीस आसनांची छोटी बस, किंवा वाहनतळ ८०० मीटरच्या आत आणि तिथून सावलीची, दिव्यांची, सपाट पायवाट. दुसरा उपाय स्वस्त आणि खात्रीचा. धडधाकट माणूस दहा मिनिटांत चालत पोहोचतो आणि रिक्षा म्हातारी माणसे, लहान मुले यांना पुरतात. रस्त्यात खरा चढ असेल तर ई-रिक्षा घेऊच नका, भरलेली असताना ती दमते आणि लेड-ॲसिड बॅटरी लवकर बसते. त्यापेक्षा एल-फाइव्ह वर्गातली, म्हणजे नेहमीच्या ऑटोरिक्षाच्या ताकदीची, इलेक्ट्रिक ऑटो घ्या.

वाहनतळाच्या आखणीत गाडीवेड्यांनाच बसवा. त्यांची खरी भीती गाडीला ओरखडा पडण्याची असते. अडीच मीटरऐवजी पावणेतीन मीटर रुंदीचे कप्पे, वर सावली (पण नारळाखाली नको, शहाळे बॉनेटवर पडले की योजना संपली), कॅमेरा, रात्रीचा रखवालदार. एवढे मिळाले तर बाजारात मोटारसायकलींच्या हँडलांमध्ये गाडी लावण्यापेक्षा ते स्वतःहून इथे लावतील. जागेचा हिशेबही दाखवा: एका गाडीला नेहमीचा कप्पा साडेबारा चौरस मीटरचा, आत-बाहेरची वाट धरून साधारण पंचवीस. वीस गाड्यांना पाच गुंठे. मालवणच्या बाजारात पाच गुंठ्यांचा भाव काय, तो त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

बाजारपेठ. कायमची बंदी मागू नका. दोन शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ, एवढाच प्रयोग. हलवता येणारे अडथळे, मधोमध चार मीटर मोकळी वाट रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी, माल उतरवणे सकाळी दहापर्यंत, आत राहणाऱ्यांना पास. आणि एक नियम अजिबात सोडायचा नाही: कुणाच्याही पाटीच्या गाडीला सूट नाही. पहिल्याच संध्याकाळी एका पुढाऱ्याची गाडी आत गेली आणि मास्तरांची अडवली, तर प्रयोग त्याच क्षणी मेला. प्रयोगाआधी आणि नंतर मोजणी करा. नाक्यावर चौघे जण, दर पंधरा मिनिटांचा वेगळा कागद, वाहनाचा प्रकार आणि आतली माणसे. मोजणाऱ्यांत दोन गाडीवेडे असलेच पाहिजेत, नाहीतर आकडे कुणी मानणार नाही.

आक्षेप येतील त्यांची उत्तरे आखडती ठेवा. "मी कर भरतो": खरे आहे, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. पण तो एकरकमी कर राज्याकडे जातो. बाजारातली गल्ली नगरपरिषद सांभाळते आणि तिच्या घरपट्टीत गाडी नसलेलेही आहेत. "मगे गाडी घेतलंय कित्याक?": आंबोलीसाठी, आणि रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर. "एसटी वेळेवर येत नाही": मान्य करा, वाद घालू नका, आणि वेळेच्या नोंदीचे काम त्यालाच द्या. "सायकल चढावर चढत नाही": सिंगल स्पीड नाही चढत. पुढे ३४ आणि मागे ३४ दातांचा गिअर असेल तर चढते. नाहीतर २५० वॅटपर्यंतची, २५ च्या वेगाला मोटर बंद होणारी सायकल घ्या, तिला नोंदणी लागत नाही. साखळीला आठवड्याला तेल, खारी हवा माफ करत नाही.

तारकर्लीच्या वाळूत थार घालणाऱ्यांना मात्र या गटात घेऊ नका. ते गाडीवेडे नव्हेत. ज्याला गाडीची माया आहे तो तिची चेसी खाऱ्या पाण्यात बुडवत नाही. त्यांच्यामुळे बाकीच्यांचेही नाव खराब होते आणि हे खरे शौकीनच तुम्हाला आधी सांगतील.

देवाणघेवाण दुतर्फा असू द्या. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात पावसानंतर दहा-पंधरा सेंटीमीटरची पायरी तयार होते. ती कारच्या टायरची कडा फाडते आणि सायकलवाल्याला रस्त्यावर आडवा करते. पांढरे पट्टे, वळणावरचे परावर्तक, घाटातले कठडे, खड्डे हे सगळे त्यांचे जुने गाऱ्हाणे आहे. बसच्या मागणीपत्रात हे मुद्दे घाला आणि त्यांच्या निवेदनावर तुम्ही सह्या करा. गाडीवाले आणि बसवाले यांचा एकच कागद आला की अधिकाऱ्याला तो बाजूला ठेवणे अवघड जाते.

बस सुरू करायला दिवाळीनंतरचा नोव्हेंबर योग्य. पर्यटकांचा लोंढा नाताळात येतो, तोवर दीड-दोन महिने वेळा बसवायला मिळतात. मे महिन्यात किंवा गणपतीत सुरू केलेली सेवा पहिल्याच दिवशी गर्दीत कोलमडते. सुरुवातीचे काही आठवडे बसमध्ये आठ-दहा माणसे दिसतील, फोटो फिरतील. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वाहकाच्या मशीनमधले तिकिटांचे आकडे दर सोमवारी डेपोतून घ्या, एकाच फेरीचे आठवड्यागणिक मांडा, आणि बारा आठवडे होण्याआधी कुणालाही निकाल सांगू नका. पहिली सही मात्र बसच्या कागदावर घ्या, बाजारपेठेच्या नव्हे. बसमध्ये गाडीवेड्याला काहीच सोडावे लागत नाही, म्हणून तिथे तो सही करतो. वाहनतळ दुसरा. बाजारपेठेची गोष्ट काढा ती वाहनतळात त्याची गाडी एक अख्खा हंगाम ओरखड्याविना राहिल्यानंतर.